इन्सिडेंट कॉलवर कोण काय करणार? या चुका टाळा

प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली चालू सिस्टिम, बंद पडतं तेव्हा हुशार माणसांचा तुटवडा सहसा नसतो. सगळ्यांना एकत्र जोडणाऱ्या ब्रिज कॉलवर, म्हणजेच इन्सिडेंट कॉलवर, ती गरजेपेक्षा जास्तच असतात. घोळ होतो तो कोणाकडे काय सोपवायचं यात, आणि प्रत्येक कंपनीत तोच तो.

सगळ्यात जाणकार माणसाला कमांडर करणं

ही चूक पाहिली की माझं डोकं फिरतं. पुण्यातल्या एका पेमेंट कंपनीतला प्रसंग. पगाराची तारीख, संध्याकाळची वेळ, थोडी थोडी पेमेंट्स अडकायला लागली. कॉल उघडला आणि मॅनेजरने डेटाबेसवाल्यालाच इन्सिडेंट कमांडर, म्हणजे कॉल चालवणारा आणि निर्णय घेणारा, करून टाकलं. का? तर त्याला सगळ्यात जास्त कळतं. तो दहाव्या मिनिटाला स्लो क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या रेंगाळणाऱ्या कामांच्या नोंदींत, बुडाला. माइक म्यूट, चॅटकडे लक्ष नाही.

इकडे अ‍ॅप टीमच्या एकाने चॅटमध्ये लिहिलं, ‘कालचा रिलीज रोलबॅक करू का (मागे घेऊ का)?’ त्याच वेळी इन्फ्रावाल्याने लिहिलं, ‘कनेक्शन पूल दुप्पट करतोय, चालेल ना?’ उत्तर कोणीच दिलं नाही. दोघांनीही ते गप्प राहणं म्हणजे होकार समजून हात चालवले. प्रत्येक अ‍ॅप सर्व्हरचा पूल, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, दुप्पट झाल्यावर एकूण कनेक्शन डेटाबेसच्या मर्यादेबाहेर गेली. आधी काही पेमेंट्स अडकत होती, आता सगळीच फेल व्हायला लागली. सपोर्टची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘सर, ग्राहकांना काय सांगू?’ तिलाही उत्तर नाही.

शेवटी सूत्रं हातात घेतली ती एका डिलिव्हरी मॅनेजर बाईंनी. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या म्हणाल्या, ‘आता कोणीही काहीही बदलायचं नाही. आत्तापर्यंत कोणी काय बदललंय ते एकेकाने सांगा.’ पंधरा मिनिटांत पूल पूर्ववत झाला, आणि डेटाबेसवाल्याला निवांतपणे मूळ दुखणं सापडलं: एक रिपोर्टिंग जॉब थेट प्रायमरीवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, चालू होता आणि कनेक्शन अडवून बसला होता. खरं तर पहिल्या मिनिटापासून त्याला हेच एक काम द्यायला हवं होतं.

माझी सवय अशी: कमांडर असताना मी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेणारं व्हीपीएन जोडतच नाही. स्क्रीनवर कॉल, चॅट आणि घड्याळ एवढंच. टर्मिनल उघडं असलं की हात शिवशिवतात, आणि एकदा का लॉग वाचायला घेतला की कॉल वाऱ्यावर.

नवीन मुलांना ही भूमिका बिनकामाची वाटते. ‘म्हणजे फक्त बोलायचं?’ हो, फक्त बोलायचं. विचारायचं, ठरवायचं, वेळेवर पुन्हा विचारायचं. 1970 साली दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले, 16 माणसं गेली. नंतरच्या तपासणीत दिसलं की माणसं किंवा बंब कमी पडले नव्हते. वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये हुकूम कोणाचा चालणार हेच स्पष्ट नव्हतं आणि एकमेकांची परिभाषाही जुळत नव्हती. त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम उभी राहिली, आणि गूगल किंवा इन्सिडेंटचे अलर्ट पाठवणाऱ्या पेजरड्यूटीसारख्यांनी आपल्या पद्धती तिच्यावरच बेतल्या. तिथेही कमांडर स्वतः पाइप धरत नाही.

काम माणसाला न देता टीमला देणं

‘डीबी (डेटाबेस) टीम बघतेय.’ हे वाक्य कॉलवर ऐकलं की मी लगेच विचारतो, ‘कोण?’ बहुतेक वेळा दोन क्षण शांतता, मग दोघं एकदम बोलतात किंवा कोणीच बोलत नाही. लग्नघरात सगळेच यजमान असले की पाहुण्यांना पाणी कोणी विचारत नाही, तसंच हे. एकाचं नाव घ्या, काम एका वाक्यात सांगा, किती वाजता परत विचाराल ते सांगा आणि त्याच्या तोंडून ‘घेतलं’ ऐका. ‘घेतलं’ म्हटलं नाही तर काम दिलेलंच नाही, असं मी धरतो.

बॉट लावून रोस्टरप्रमाणे भूमिका आपोआप वाटणं हा याच चुकीचा नवा अवतार. चॅनेलवर चार नावं सुंदर झळकतात, आणि त्यातला एक मेट्रोत उभा असतो. बॉट ठेवा, पण कमांडरने हजेरी घ्यायलाच हवी.

धोक्याची कमांड एकट्याला चालवू देणं

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत रात्री उशिरापर्यंत झटणाऱ्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरले होते. बॅकअपचे प्रश्न वेगळेच, पण भूमिकांपुरतं बोलायचं तर करणारा आणि बघणारा असे दोघं हवेत. बघणाऱ्याने सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायचं, मगच एंटर. पोरकट वाटतं ना? वाटू दे.

बाहेर सांगणारा कोणीच नसणं

एप्रिल 2022 मध्ये अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या 775 ग्राहकांच्या साइट्स स्क्रिप्टच्या चुकीने उडाल्या, काहींना दोन आठवडे वाट पाहावी लागली. साइट्सबरोबर ग्राहकांचे संपर्कही गेल्याने त्यांना कळवणंच अवघड झालं. लोक जास्त चिडले ते त्या शांततेवर. कळवणारा माणूस वेगळा ठेवा, आणि सायबर हल्ल्याचा वास आला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याची जबाबदारीही नाव घेऊन द्या. 2022 च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं असतं, आणि ते तास लॉग वाचण्यात भुर्रकन जातात.

बाकीच्या, थोडक्यात

नोंदी ठेवणारा नेमत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी कोणी काय किती वाजता केलं यावर भांडणं.

शिफ्ट बदलताना कमांड आपोआप पुढे जात नाही. ‘आता कमांड माझ्याकडे’ हे नव्या माणसाने कॉलवर बोलायचं, तोवर जुन्याने उठायचं नाही.

डायरेक्टर साहेब मधेच येऊन ‘ईटीए काय?’ (किती वेळात सुरू होईल?) विचारतात. त्यांना कळवणाऱ्या माणसाकडे पाठवा. स्वतः सूत्रं घ्यायची असतील तर तसं जाहीर करू देत, नाहीतर ऐकत बसू देत.

काम नसलेल्यांना कॉलवरून जायला सांगा. वाईट वाटतं त्यांना, पण जातात.

तीन माणसांच्या टीमने सात भूमिकांचा तक्ता उतरवून घेऊ नये. एक ठरवणारा, एक करणारा, आणि तिसरा लिहून ठेवणारा व कळवणारा. बस.

आणि भूमिका वाटायचा सराव पी-वनच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर इन्सिडेंटच्या, रात्री करू नका. मंगळवारी दुपारी एखादा फुटकळ पी-थ्री (कमी गंभीर) आला की सगळ्यात नव्या मुलाला कमांडर करा आणि त्याच्या टर्मिनलचा अ‍ॅक्सेस तेवढ्यापुरता काढून घ्या. कुरकुर करेल. करू दे.