करडईवरचा मावा: पंप उचलायच्या आधी हा कीडा खातो कसा आणि वाढतो कसा ते बघा

मंडळी, डिसेंबर उतरणीला लागलाय, मधेच दोन-चार दिवस आभाळ भरून येतंय आणि थंडीही आहे, म्हणजे करडईवर मावा चढायचे हेच दिवस. सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणी, बीड या भागात ज्यांची करडई उभी आहे त्यांनी आजच संध्याकाळी बांधाच्या कडेच्या ओळी बघून या. शेताच्या मधोमध जायची आत्ता गरज नाही, कडेचीच झाडं बघा, आणि ती का ते खाली सविस्तर सांगतो कारण सगळी गोम तिथंच आहे.

करडईवरचा मावा काळा किंवा गडद तपकिरी, चमकदार आणि बाकी माव्यांपेक्षा अंगानं जरा मोठा असतो. शेंड्याच्या कोवळ्या भागात, पानाच्या खालच्या बाजूला, खोडावर आणि बोंडाच्या देठाशी घोळका करून बसतो. या घोळक्यात नर शोधत बसू नका, सापडणार नाही. आपल्याकडच्या हवामानात मावा वर्षभर फक्त माद्यांवर चालतो, मादी नराशिवाय पिल्लं देते, अंडी न घालता थेट चालती-फिरती पिल्लं देते आणि ती सगळी मादीच असतात. थंड देशांत पाऱ्याची घसरण आणि दिवस लहान होणं याचा इशारा मिळून नर-मादी तयार होतात, अंडी घातली जातात आणि ती बर्फात टिकतात, आपल्याकडे एवढा कडक हिवाळाच नसतो त्यामुळे त्या भानगडीत ती पडत नाही. म्हणजे एका झाडावर दिसणारी ती सगळी पोरं, नाती, पणत्या एकाच आईच्या जवळपास हुबेहूब नकला असतात. आणि अजून पुढची गोष्ट, जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात त्याच्या पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढायला लागलेले असतात, एका आईत लेक आणि लेकीत नात असा तिहेरी प्रकार. हवामान जमलं तर पिल्लू चार वेळा कात टाकून आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. समजा एका मादीनं फक्त ३० पिल्लं दिली आणि सगळी जगली, तर दुसऱ्या पिढीत ९०० आणि तिसऱ्या पिढीत २७,०००. शेतात एवढी जगत नाहीत, मित्रकीटक खातात, पाऊस धुऊन काढतो, पण "परवा तर काहीच नव्हतं आणि आज सगळं काळं झालं" असं जे आपण म्हणतो त्यामागचं गणित हेच.

आता कडेचं. सुरुवातीला जी मादी येते ती पंखवाली असते, वाऱ्याबरोबर येते आणि पहिल्यांदा कडेच्या झाडांवरच उतरते. तिथं तिची बिनपंखाची लेकरं वाढतात. दाटी झाली, अंगाला अंग घासायला लागलं की आईच्या पोटातल्या पुढच्या लेकींना मोठं होता होता पंख फुटायला लागतात, जीन (जनुकं) तेच पण शरीर वेगळं, आणि या पंखवाल्या मग शेताच्या आत शिरतात. म्हणून मावा कडेला आहे तोवरचे दिवस सोन्याचे आहेत. करडईत तर याला दुहेरी महत्त्व आहे कारण एकदा पीक काट्यावर आलं की आत शिरून फवारणं म्हणजे पाय, हात सगळं सोलून घेणं, भल्याभल्यांना जमत नाही. सुरुवातीला मावा कडेलाच दिसत असेल तर चारी बाजूंनी साधारण २ मीटरचा पट्टाच फवारून घ्या. औषध कमी, मजुरी कमी, आणि आतले ढालकिडे, म्हणजे मावा खाणारे मित्रकीटक, जिवंत राहतात.

खायची पद्धतही समजून घ्या, कारण औषध लागू पडतं की नाही हे त्यावर आहे. मावा पान चावत नाही. त्याची सोंड केसाहून बारीक असते, ती पेशींच्या मधल्या फटीतून वाट काढत आत जाते आणि वाटेत पेशींना क्षणभर टोचून चव बघते. आतल्या अन्नरसाच्या नळीपर्यंत पोचायला त्याला कधी अर्धा तास तर कधी काही तास लागतात. एकदा नळी सापडली की मग तो तासन् तास, कधी दिवस दिवस जागचा हलत नाही. हे सगळं शास्त्रज्ञांना दिसलं ते किड्याला बारीक तार चिकटवून आणि झाडाला वीज जोडून, सोंड पेशीत गेली की विजेचा आलेख बदलतो, ही पद्धत १९६४ साली अमेरिकेत पहिल्यांदा मांडली गेली. झाड गप्प बसत नाही हं, जखम झालेली नळी ते प्रथिनांनी आणि कॅल्शियमच्या इशाऱ्यानं बंद करायला बघतं, पण माव्याच्या लाळेत कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात आणि ती हे बूच सोडवतात. लाळेतल्या एका प्रथिनाचा जीन वाटाण्याच्या माव्यात बंद करून बघितला तर त्या माव्याला नळीतून नीट रस घेता येईना आणि तो लवकर मेला. म्हणजे त्याचं सगळं आयुष्य त्या लाळेवर उभं आहे.

अन्नरसात साखर भरपूर पण प्रथिनाचा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, फारच कमी. त्यामुळे मावा पोटभर रस ओढतो, थोडंसं ठेवतो आणि उरलेली साखर मागून सोडून देतो. पानावर चकाकणारा चिकट थर हाच, रब्बी ज्वारीत आपण ज्याला चिकटा म्हणतो तो, आणि त्यावर काळी काजळी बुरशी वाढते, ज्वारीचा कडबा त्यानं खराब होतो. मुंग्या याच साखरेसाठी येतात आणि माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळ्यांना हाकलून लावतात, त्यामुळे शेंड्यावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर मावा शोधा, बहुतेक असणारच. कमी पडणारी अमिनो आम्लं त्याला बुकनेरा नावाचे जिवाणू बनवून देतात. हे जिवाणू माव्याच्या खास पेशींमध्ये राहतात, आईकडून लेकीला मिळतात आणि कोट्यवधी वर्षांच्या सोबतीत त्यांचे बरेचसे जीन गळून गेलेत, आता ते बाहेर जगूच शकत नाहीत. माव्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा २०१० मध्ये वाटाण्याच्या माव्याचा आला तेव्हा मावा आणि बुकनेरा दोघं मिळून अमिनो आम्लं कशी बनवतात ते बारकाईनं दिसलं.

याचा शेताशी संबंध काय, तर युरिया. झाडाला जास्तीचं नत्र मिळालं की अन्नरसात अमिनो आम्लं वाढतात, पान लुसलुशीत होतं, आणि माव्याच्या पोटात पिल्लं वाढायला अजून काय पाहिजे. "पीक पिवळं पडलं" म्हणून डिसेंबरात पुन्हा युरिया टाकणारे शेजारी मी बघितलेत, मावा त्यांच्याकडंच आधी चढतो आणि जास्त टिकतो. पिवळेपण नत्राचंच आहे का हे आधी तपासा, शिफारशीपेक्षा एक मूठही जास्त नको.

पेरणीची वेळही इथं येते. करडई सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली तर माव्याची मोठी लाट येईपर्यंत झाड थोडं निबर झालेलं असतं. उशिरा पेरलेल्या पिकाला तीच लाट कोवळेपणी गाठते, म्हणून ज्यांची पेरणी यंदा लांबली त्यांनी आठवड्यातून दोनदा फेरी ठेवा. पुढच्या वर्षी वाण निवडताना भीमा, परभणी कुसुम यांच्यासारखे माव्याला सहन करणारे वाण विचारून घ्या. सहन करणं म्हणजे मावा येतच नाही असं नाही हे मात्र लक्षात ठेवा.

काही पिकांत तर एकच जीन पुरेसा ठरतो. खरबुजात एका जीनमुळे कपाशीचा मावा झाडावर वाढत नाही, आणि हा जीन असलेल्या मूळ वाणांपैकी एक आपल्या भारतातला आहे. ज्वारीच्या जनुकसंचातही माव्याला रोखणारी अशी एक जागा सापडली आहे, २०१३ पासून अमेरिकेत ज्वारीवर माव्याची मोठी साथ आल्यावर पैदासकारांनी तिचा खूप उपयोग केला. पण फ्रान्समध्ये खरबुजाच्या त्या जीनला न जुमानणारे माव्याचे वंशही निघाले. माव्याची एखादी मादी तरून गेली की तिच्या सगळ्या लेकी तशाच निघतात, त्यामुळे वाण आणि औषध दोन्ही बदलत राहायला लागतात.

हीच गोष्ट औषधात जास्त टोचते. हिरव्या पीच माव्याच्या काही वंशांत औषध मोडून टाकणाऱ्या एंझाइमच्या जीनच्या ८० पर्यंत प्रती सापडल्यात, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. वेगळ्या औषधगटाविरुद्ध, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या गटाविरुद्ध, तर औषध माव्याच्या ज्या प्रथिनाला चिकटतं त्यातलं एकच अमिनो आम्ल बदलूनही मावा दाद देईनासा होतो. म्हणून सांगतो, डायमेथोएट फवारलं आणि पुढच्या वेळी असिफेट आणलं तर आपण औषध बदललं असं समजू नका, दोन्ही एकाच गटातली आहेत. डब्यावर गट क्रमांक असतो, तो वाचा, विक्रेत्याला विचारा.

फवारणी कधी? शेंडे मोजा. शेतात फिरून वेगवेगळ्या ठिकाणची २०-२५ झाडं बघा, मुख्य फांदीच्या शेंड्याकडचा ५ सेंटीमीटर भाग नीट न्याहाळा. साधारण ३० टक्के झाडांवर मावा दिसला की सगळ्या शेतात रासायनिक फवारणीचा निर्णय घ्या, त्याआधी निंबोळी अर्क ५ टक्के बस होतो. करडईत परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस डायमेथोएट ३० टक्के प्रवाही १३ मिली किंवा असिफेट ७५ टक्के १० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्याची आहे. यातलं एकच घ्या, दोन्ही मिसळू नका, पिकासाठी ते डब्याच्या लेबलवर आहे का बघून घ्या. फुलं उमलली असतील तर मधमाश्यांसाठी फवारणी टाळाच, आणि टाळता येत नसेल तर अगदी सूर्यास्ताच्या वेळी करा, करडईच्या परागीकरणात मधमाश्यांचा वाटा आहे आणि ही औषधं त्यांना फार घातक आहेत. मावा पानाखाली असतो त्यामुळे नोझल खालून वर फिरलं पाहिजे, वरून शिंपडून पाणी वाया. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, यात तडजोड नको.

ढगाळ आणि दमट दिवस असतील तर लेकॅनिसिलियम बुरशीचं औषध संध्याकाळी वापरून बघा, ती किड्याच्या अंगावर उगवते आणि त्याला मारते, पण कोरड्या उन्हात काम करत नाही आणि बुरशीनाशकाबरोबर चालत नाही. फवारणीआधी ढालकिड्याच्या अळ्या, क्रायसोपा या हिरव्या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या आणि सोनेरी-तपकिरी फुगून मेलेले मावे दिसतात का बघा. ते फुगलेले म्हणजे आत छोट्या परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढलेलं. असे बऱ्यापैकी दिसत असतील तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजा, आकडा घटत असेल तर पंप घरातच राहू द्या.

एक गोष्ट वेगळी सांगायची, पपई आणि मिरचीवाल्यांना. तिथं मावा विषाणू आणतो आणि त्यातले बरेच विषाणू वरच्या पेशींना टोचून चव घेण्याच्या काही सेकंद-मिनिटांतच सोडले जातात, त्याला नळीपर्यंत जायचीही गरज नसते. पपईवर तर मावा घर करत नाही, उतरतो, टोचतो, पुढे जातो. त्यामुळे औषधानं तो मरेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. तिथं बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी कामाला येतात, मावा आधी त्यांना टोचतो आणि सोंडेतला विषाणू तिथंच खर्ची पडतो. लागण दिसलेलं झाड लगेच उपटून बाहेर नेऊन टाका, शेताच्या बांधावर ठेवू नका.