'सायटेड बाय' बघितलं म्हणजे झालं? आयपीच्या (बौद्धिक संपदेच्या) रिसर्चमधल्या या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. जळगावच्या कोर्टात निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज चालू होता, मसाल्याच्या पाकिटाचा, आमचा पक्षकार प्रतिवादी आणि समोरच्याचं म्हणणं की तुमचं नाव आमच्या नावासारखंच ऐकू येतं. मी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि फरक मोजत बसलो, ह्याच्यावर मिरचीचं चित्र आहे, त्याच्यावर नाही, अक्षरांचं वळण वेगळं, वगैरे वगैरे. हातात एस. एम. डायकेम विरुद्ध कॅडबरी, सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल, त्यातही 'पिकनिक' हे नाव दोघांचं जवळपास सारखंच होतं पण लिहिण्याची ढब आणि टोपीवाल्या पोराचं चित्र यातल्या फरकावर कोर्टानं भर दिला होता. मला वाटलं सोन्यासारखं जजमेंट सापडलं. समोरचे सिनियर उठले, फार काही बोलले नाहीत, कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्सची झेरॉक्स पुढे सरकवली. (२००१) ५ एससीसी ७३, म्हणजे सुप्रीम कोर्टाचे निकाल छापणाऱ्या एससीसीचा २००१ चा पाचवा व्हॉल्यूम, पान ७३. तीन जजेसचं बेंच, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की फरकावर भर द्यायचं डायकेमनं सांगितलं ते आम्हाला मान्य नाही, बघायचं ते साम्य. वर्षसुद्धा झालं नव्हतं दोन निकालांमध्ये.

आता गंमत अशी की मी निकाल शोधायच्या साइटवर चेक केलं होतं! 'सायटेड बाय'ची, म्हणजे या निकालाचा दाखला नंतरच्या कुठल्या निकालांनी दिला त्याची, लांबलचक यादी दिसली आणि मी खूश, एवढ्या लोकांनी दाखला दिलाय म्हणजे केस दणकट. कॅडिला त्याच यादीत होता, मी उघडलाच नव्हता. दाखला दिला म्हणजे मान दिला असं नसतं भाऊ, शिव्या द्यायला पण नाव घ्यावंच लागतं. नंतर माझ्या सिनियरांच्या ऑफिसात एससीसीचा तो जुना व्हॉल्यूम काढला तर डायकेमच्या समासात पेन्सिलनं लिहिलेलं, 'मेला. कॅडिला बघ.' अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं धंदाच हा काढला होता, इलिनॉयच्या निकालांसाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायच्या आणि वकिलांनी त्या आपापल्या पुस्तकाच्या समासात चिकटवायच्या, की या केसवर नंतर कोण काय बोललं. आजच्या सगळ्या सायटेशन इंडेक्सचा, म्हणजे अशा दाखल्यांच्या याद्यांचा, आजोबा तोच. सिनियरांची पेन्सिल तेच काम करत होती, फरक एवढाच की ते वाचून लिहायचे.

म्हणून आकडा बघू नका, कोणी काय म्हटलंय ते बघा. फॉलो केलं, डिस्टिंग्विश केलं (आमची केस वेगळी म्हणून बाजूला ठेवलं), नुसता उल्लेख केला की ओव्हररूल केलं (चुकीचा ठरवून मोडला). सगळी यादी वाचायला वेळ कुणाकडे आहे, पण आधी सुप्रीम कोर्ट, मग बेंच मोठं किती, मग तारीख, या क्रमानं वरचे आठ-दहा उघडले तरी निम्मा घोळ टळतो.

याच्या उलटी चूकपण होते. ओव्हररूल्ड दिसलं की पोरं केस फेकूनच देतात. अरे, कुठल्या मुद्द्यावर ते तर बघा! एका मुद्द्यावर पडलेला निकाल दुसऱ्या मुद्द्यावर जिवंत राहू शकतो. पॅरा नंबर धरून वाचा, हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) धरून नाही. आणि जुनं म्हणजे मेलेलं असंही नाही, अमृतधारा आणि लक्ष्मणधारावाला १९६२ चा निकाल अजून लोक कोर्टात वाचतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट, आणि ही आपल्याकडे जास्त लागू आहे कारण अहिराणी गाण्यांचा यूट्यूबवर किती मोठा बाजार झालाय ते तुम्हाला माहितीये. एक गीतकार माझ्याकडे आला, म्हणे, "गानं मन्हं, आनि पैसा मालेच नही?" माझ्या ज्युनियरनं लगेच आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स काढला, १९७७ चा सुप्रीम कोर्ट, की सिनेमासाठी पैसे घेऊन गाणं लिहून दिलं, वेगळा करार नाही, तर हक्क निर्मात्याचा. इंडेक्समध्ये बघितलं, कुठं ओव्हररूल नाही. बरोबरच आहे, नसणारच! कारण तो निकाल कोर्टानं नाही मोडला, संसदेनं त्याच्या खालची जमीन सरकवली. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्याच्या कलम १७, १८ आणि १९ मध्ये भर पडली, २१ जून २०१२ पासून लागू, आणि थिएटरात सिनेमासोबत वाजतं ते सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा वाटा करार करूनसुद्धा काढून घेता येत नाही. मुंबई हायकोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये राजस्थान पत्रिकाच्या केसमध्ये रेडिओच्या बाबतीत याचाच आधार घेतला. सायटेशन इंडेक्स निकालाला निकाल जोडतो, कायद्यातली दुरुस्ती त्यात दिसेलच असं नाही. म्हणून निकालात जे कलम आहे त्याचा आजचा मजकूर आधी उघडा, मग निकाल.

ट्रेडमार्कला हेच, १९५८ चा कायदा जाऊन १९९९ चा आला, तो लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला, आणि कलमांचे नंबर हलले. जुनं १११ म्हणजे आताचं १२४, जुनं ५६ म्हणजे आताचं ५७. नव्या नंबरनं सर्च मारला तर जुने चांगले निकाल येतच नाहीत आणि लोक म्हणतात या मुद्द्यावर केस लॉच नाही. दोन्ही नंबर टाका. अजून कुणी अर्जात आयपीएबीकडे (बौद्धिक संपदेच्या अपील बोर्डाकडे) अपील करू असं लिहितं, जुनी पुस्तकं बघून, अहो ते अपील बोर्ड एप्रिल २०२१ मध्येच बंद झालं, ती कामं हायकोर्टात गेली.

एकच केस तीन नावांनी फिरते हेही लक्षात ठेवा. कॅडिला एससीसीत आहे, एआयआर २००१ एससी १९५२ पण तोच, पीटीसीमध्ये पण तोच (एआयआर, पीटीसी याही निकाल छापणाऱ्या मालिकाच). 'हेल्थ केअर' एका शब्दात लिहिलं तर कधी कधी सापडत नाही. आता न्यूट्रल सायटेशन (कोर्टानंच निकालाला दिलेला नंबर) आल्यापासून थोडं सोपं झालंय, आपल्या औरंगाबाद बेंचच्या निकालावर बीएचसी-एयूजी असतं, ते टाकलं की थेट तोच निकाल.

एसएलपी (सुप्रीम कोर्टात अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज) डिसमिस झाली म्हणजे सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल मान्य केला, हे अर्ग्युमेंट बार रूममध्ये ठीक आहे. कुन्हयम्मेद विरुद्ध केरळ राज्य, २०००, वाचा, कारण न देता एका ओळीत फेटाळलेल्या एसएलपीनं तसं काही होत नाही. आयपीत तर बहुतेक निकाल मनाई अर्जावरचे असतात, प्रथमदर्शनी मत, आणि इंडेक्स त्यांना पूर्ण दाव्याच्या निकालाच्याच रांगेत उभं करतो.

जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) वेगळंच दुखणं. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला जीआय आहे, पण जीआय कायद्यावर निकालच कमी, शोधलं की शून्य दाखला. शून्य म्हणजे कुणी विरोधात बोललं नाही असं धरून चालू नका, कुणी बोललंच नाहीये एवढंच. तिथं कायदा, नियम आणि चेन्नईच्या रजिस्ट्रीचं जर्नल हेच उघडावं लागतं.

आणि तपासणी दोनदा करा, अर्ज लिहिताना आणि तारखेच्या सकाळी. मी आता निकालाच्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलनं तपासल्याची तारीख टाकतो, कारण आपल्याकडं से (समोरच्याचं लेखी म्हणणं) यायलाच चार तारखा जातात आणि तोपर्यंत दिल्लीत काय निकाल लागला असेल सांगता येत नाही.