पैसे वेळेवर भरूनही सिबिल स्कोअर का उतरतो: क्रेडिट कार्डाच्या वापराचे प्रमाण कसे सांभाळावे

गृहकर्जाचा अर्ज करण्याआधी सहज म्हणून सिबिल स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, पाहावा आणि एकही हप्ता किंवा बिल चुकलेले नसताना तो उतरलेला दिसावा, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी बँकेकडून काही चूक झाली असेल, असा संशय पहिल्यांदा येतो. तशी चूक असूही शकते. पण त्याआधी तपासून पाहावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे क्रेडिट युटिलायझेशन, अर्थात कार्डावर मंजूर असलेल्या मर्यादेपैकी आपण किती टक्के रक्कम वापरून ठेवली आहे याचे प्रमाण. कार्डाची मर्यादा 1,00,000 रुपये असेल आणि त्यावर 25,000 रुपये देणे असेल, तर हे प्रमाण 25 टक्के झाले. हिशेब एवढाच आहे. गोंधळ होतो तो हे प्रमाण कोणत्या दिवशी मोजले जाते या प्रश्नावर.

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत; बँकांकडून आलेल्या माहितीवरून त्या प्रत्येक ग्राहकाचा पतअहवाल आणि स्कोअर तयार करतात. त्यांचे कामकाज 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. त्यांचा स्कोअर 300 ते 900 या दरम्यान असतो आणि तो काढण्याचे नेमके सूत्र कोणतीही कंपनी जाहीर करत नाही. वेळेवर परतफेड हा त्यातला सर्वांत वजनदार भाग आहे आणि मर्यादेच्या वापराचे प्रमाणही महत्त्वाचे मानले जाते. या दोहोंत एक मोठा फरक आहे. हप्ता चुकल्याची नोंद अहवालात महिन्यागणिक मागे राहते आणि तीन वर्षांपर्यंतचा परतफेडीचा इतिहास वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. वापराचे प्रमाण मात्र मुख्यतः शेवटच्या नोंदीवर ठरते, त्यामुळे बाकी कमी झाल्याची नवी नोंद गेली की स्कोअरही बहुधा सावरतो. म्हणून वाढलेल्या प्रमाणाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मात्र नवे कर्ज घ्यायचे असेल, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

पूर्वी बँका कार्डावरच्या देण्याची माहिती या कंपन्यांना महिन्यातून एकदा पाठवत असत. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने ती निदान पंधरवड्याने, म्हणजे 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती दाखवून, पाठवणे बंधनकारक केले. हा बदल एका उदाहरणावरून नीट समजतो. माझ्या मावसभावाच्या कार्डाची मर्यादा 60,000 रुपये आहे आणि त्याचे बिल दर महिन्याच्या 12 तारखेला तयार होते. त्याने 4 तारखेला 42,000 रुपयांचा फ्रिज घेतला. किराणा आणि पेट्रोल मिळून आणखी 3,000 झाले. 12 तारखेला 45,000 रुपयांचे बिल आले, भरण्याची अंतिम तारीख पुढच्या महिन्याची 1 होती आणि त्या दिवशी त्याने पै न पै भरली. त्याच्या लेखी कर्ज असे काही नव्हतेच. पण 15 तारखेला आणि पुन्हा महिनाअखेरीस त्याच्या कार्डावर मर्यादेच्या 75 टक्के रक्कम देणे होती, आणि घराच्या कर्जासाठी बँकेने त्याचा अहवाल मागवला तो नेमका याच काळात.

याच मावसभावाने 10 तारखेला, म्हणजे बिल तयार होण्याआधीच, 40,000 रुपये कार्डावर भरले असते, तर 15 तारखेला बाकी फक्त 5,000, म्हणजे सुमारे 8 टक्के दिसली असती. खर्च तेवढाच, खिशातून जाणारे पैसेही तेवढेच. फरक फक्त तीन आठवड्यांचा. त्यामुळे मोठी खरेदी झाली असेल आणि पैसे बचत खात्यात असतील, तर बिलाची वाट न पाहता बिलाच्या तारखेआधी तीन-चार दिवस रकमेचा मोठा भाग भरून टाकावा. सुट्ट्यांमुळे किंवा पैसे भरण्याच्या मार्गामुळे जमा दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून अगदी आदल्या रात्रीवर विसंबू नये. ज्यांनी ऑटोपे लावलेले आहे, त्यांना यात एक सोयही आहे: आधीच भरल्यामुळे बिल लहान येते आणि खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कमही लहानच राहते. उरलेले बिल अर्थातच वेळेवर भरायचे असते.

प्रमाण 30 टक्क्यांच्या आत ठेवावे, असे सर्वत्र सांगितले जाते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम नव्हे, तो एक ठोकताळा आहे; 29 टक्क्यांना शाबासकी आणि 31 टक्क्यांना शिक्षा असा काही प्रकार नसतो. प्रमाण जितके कमी तितके बरे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. याच्या अगदी उलट असाही एक समज पसरलेला आहे की, थोडी बाकी पुढच्या महिन्यात ओढली तर स्कोअर वाढतो. हा समज पूर्णपणे चुकीचा आहे आणि महागातही पडतो, कारण कार्डावरचे व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला 3 टक्क्यांच्या वर असते, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि बाकी ओढल्यावर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. स्कोअरसाठी कार्ड वापरलेले दिसणे पुरेसे आहे. व्याज भरलेले दिसण्याची गरज नाही.

प्रमाण कमी करण्याची दुसरी वाट मर्यादेच्या बाजूने जाते. बँकेकडून मर्यादा वाढवून देण्याचा प्रस्ताव आला आणि आपला खर्च आवाक्यात असेल, तर तो स्वीकारण्यात तोटा नाही. आपल्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, त्यामुळे निर्णय आपल्याच हाती असतो. हात सैल असलेल्या माणसाने मात्र या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने कार्ड बंद करतानाही हाच हिशेब मांडावा. समजा, 1,00,000, 60,000 आणि 40,000 रुपये मर्यादेची तीन कार्डे आहेत आणि सगळ्यांवर मिळून 50,000 रुपये देणे आहे; प्रमाण 25 टक्के. वापरात नाही म्हणून मोठ्या मर्यादेचे कार्ड बंद केले, की तेच देणे एकदम 50 टक्क्यांवर जाते. वार्षिक शुल्क नसलेले जुने कार्ड शक्यतो चालू ठेवावे आणि त्यावर मोबाइलच्या बिलासारखा एखादा लहान खर्च लावून द्यावा, कारण वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करू शकते. एकूण प्रमाण ठीक असले, तरी अहवालात प्रत्येक कार्ड वेगळे दिसते. तेव्हा सगळा भार एकाच कार्डावर टाकून ते काठोकाठ भरू नये.

काही खर्च लक्षात न येता प्रमाण वाढवतात. 1,00,000 रुपये मर्यादेच्या कार्डावर 48,000 रुपयांचा मोबाइल बारा हप्त्यांत घेतला, तर पहिल्या दिवसापासून 48,000 रुपयांची मर्यादा अडकते आणि दरमहा साधारण 4,000 रुपयांनी मोकळी होत जाते. हप्ते नो-कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी, असले तरी हा भाग बदलत नाही. घरातल्या माणसाला दिलेले पूरक कार्डही मूळ मर्यादेतूनच खर्च होते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेले असेल, तर भाजीपासून रिक्षापर्यंतचे किरकोळ खर्च कार्डावर जमत जातात आणि लहान मर्यादेचे कार्ड महिना संपण्याआधीच भरते.

कर्जाचा अर्ज करायचा असेल, तर निदान दोन महिने आधी आपला अहवाल काढून वाचावा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कार्डाच्या नोंदीत क्रेडिट लिमिट, करंट बॅलन्स आणि माहिती कळवल्याची तारीख हे तीन रकाने आधी पाहावेत. मावसभावाने ते पाहिले तेव्हा वेगळीच गोष्ट उघड झाली: बँकेने वर्षभरापूर्वी त्याची मर्यादा 40,000 वरून 60,000 केली होती, पण अहवालात अजून जुनाच आकडा होता, त्यामुळे 75 टक्क्यांचे प्रमाण तिथे 112 टक्क्यांच्या वर गेलेले दिसत होते. अशी चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही लेखी कळवावे, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी आकडा बदलत नाही. 30 दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्याच्या बाबतीत ती वेळ आली नाही. तीन आठवड्यांत आकडा दुरुस्त झाला, फ्रिजची बाकी तोवर फिटलेलीच होती, आणि त्याने अर्ज पुन्हा केला तो महिन्याच्या 20 तारखेनंतर, 15 तारखेची नवी नोंद अहवालात चढल्याची खात्री करून.