ग्रंथालयात बसायची जागा कशी हेराल?

मुंबई विद्यापीठात नव्याने आलात की आधी एक ठरवा: बैठक फोर्टला की कलिनाला? फोर्टचं ग्रंथालय राजाबाई टॉवरला लागूनच, चर्चगेटहून चालत जाण्यासारखं. कलिनाला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. सांताक्रूझ किंवा कुर्ल्याला उतरून पुढे बस नाहीतर रिक्षा. तुमची लेक्चर्स आणि विषयाची पुस्तकं जिथे, तिथेच बसा. एका दिवसात दोन्हीकडे जायचं म्हटलं की अभ्यासाचे तास लोकलमध्येच जातात.

फोर्टची वास्तू १८७८ साली पूर्ण झाली. त्या रंगीत काचा आणि उंच छत पाहून कुणालाही खिडकीशीच बसावंसं वाटतं, आणि एकदा जरूर बसावं. असा वाचनकक्ष शहरात दुसरा नाही. मात्र दर्शनी बाजू ओव्हल मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेला आहे. दुपार कलली की त्या बाजूच्या खिडक्यांतून तिरपं ऊन येतं, पान चकाकतं, लॅपटॉपवर काही दिसत नाही. म्हणून सकाळी खिडकीशी आणि दुपारनंतर आतल्या टेबलावर.

कुठल्याही ग्रंथालयात प्रकाशाची दिशा पाहणं फार महत्त्वाचं. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहित्या ओळीवर पडते. डावखुऱ्यांनी उलट बसावं. दिवा पाठीमागे असेल तर वहीवर आपल्याच डोक्याची सावली. खुर्ची पक्की करण्याआधी वही उघडून चार ओळी लिहून पाहा, लगेच कळतं.

मग पंखा. बरोबर खाली बसलात तर सुटी पानं उडतात आणि तासाभरात डोळे कोरडे पडतात. फार लांब बसलात तर मे महिन्यात घामाने वही ओली. पात्यांच्या टोकापासून एक खुर्ची बाजूला, हे अंतर बहुधा जमतं. टिपणांना क्लिप लावाच. एसी असेल तर झोताखाली बसू नका आणि पावसाळ्यात भिजून आलात तर मुळीच नको.

टाळायच्या जागा ठरलेल्या: देवघेव काउंटरजवळची, दाराच्या रेषेतली, पाण्याच्या कूलरशेजारची. तिथे आवाजापेक्षा ये-जा जास्त त्रास देते, कारण प्रत्येक हालचालीला नजर वर उठते. भिंतीकडे तोंड किंवा कपाटांच्या रांगेमागचं टेबल बरं. चार्जिंगचं सॉकेट दिसलं तरी आधी प्लग लावून बघा. सैल असेल तर तासाभराने बॅटरी संपल्यावरच कळतं.

बॅग बहुतेक ठिकाणी बाहेर प्रॉपर्टी काउंटरला ठेवावी लागते. पैसे, फोन आणि ओळखपत्र सोबत घ्या. स्वतःची पुस्तकं आत चालतात का, हे पहिल्याच दिवशी विचारा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी अभ्यासिका असते.

परीक्षेच्या दिवसांत दार उघडतानाच पोचा. उशीर झालाच तर जेवणाच्या सुट्टीत काही खुर्च्या रिकाम्या होतात. खुर्चीवर वही टाकून तासन्‌तास गायब होणं मात्र टाळा. दुसऱ्याचा अभ्यास अडतो आणि कर्मचारी वही उचलून ठेवतात ते वेगळंच. मनासारखी जागा मिळाली तरी आणखी एक हेरून ठेवा, शक्यतो दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या कोपऱ्यात.