शेळीच्या ढेकरातून उडून जाणारा खुराक कसा वाचवावा

रवंथ करताना शेळी ढेकर देते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या ढोबळ अंदाजाने हा वायू शेळीमागे वर्षाला 5 किलो भरतो. 15 ते 17 किलो मक्यात जेवढी ऊर्जा असते, जवळपास तेवढी त्यात असते. ती चाऱ्यातूनच येते, पण तिचं दूध होत नाही. मिथेनमुळे होणाऱ्या हवामानबदलाचा विचार घटकाभर बाजूला ठेवला तरी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या शेळीपालकाच्या खिशाचा प्रश्न उरतोच.

राठ, जून चारा कोठीपोटात (शेळीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आंबताना हायड्रोजन सुटतो आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचाच मिथेन करतात. कोवळा चारा आणि धान्य पचताना हा हायड्रोजन बराचसा शेळीच्याच उपयोगी पडतो. म्हणून नुसतं धान्य घालावं म्हटलं, तर पोटात आम्ल वाढून शेळी आडवी होते.

1. आधी चारा तोला. दुभत्या शेळीला रोज वजनाच्या साधारण 4 टक्के चारा लागतो, तोही पाणी वजा करून. 30 किलोच्या शेळीला सव्वा किलोच्या आसपास. वाशीच्या एपीएमसी घाऊक मार्केटमधून फ्लॉवर-कोबीचा पाला स्वस्तात मिळतो खरा, पण त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच. पोट टम्म दिसतं आणि दूध मात्र वाढत नाही. तो पूरक म्हणूनच द्या. धुऊन घ्या, सडका भाग टाका, कांद्याची पात वगळा.

2. पेंढा सुधारा. ठाणे जिल्ह्यात भात मुख्य, त्यामुळे दिवाळीनंतर पेंढ्याला तोटा नसतो. पण शेळीसाठी सगळ्यात कमकस वैरण हीच, आणि मिथेनही हिच्यातूनच जास्त. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि प्लास्टिकने हवाबंद झाका. 21 दिवसांनी उघडा. वास उडेपर्यंत पसरून ठेवा, मगच थोडा थोडा द्या. करडांना अजिबात नको. युरियाचं पाणी शेळीच्या तोंडी लागलं तर विषबाधा होते, तेव्हा बादली लगेच धुऊन ठेवा.

3. पाला वाढवा. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. शेवरी, हादगा, शेवगा बांधावर लावले की प्रथिनांसाठी पेंडीवरचा खर्च कमी होतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य बाधतं. बाभळीच्या पाल्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य मिथेन कमी करतं. अति झालं तर मात्र प्रथिनं पचू देत नाही, म्हणून मिसळूनच द्या. जुडी टांगून ठेवली की नासाडीही कमी होते.

4. खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं मिश्रण, वाटून द्या. शेळीच्या अंगापुरता रोज 200 ते 250 ग्रॅम, वर दर लिटर दुधामागे 300 ते 400 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. शहरातल्या शेळ्यांना उरलेले पाव आणि हॉटेलातला भात घालायची सवय मला साफ नापसंत आहे. पाव-भाताचं आम्ल मक्यापेक्षाही झपाट्याने होतं. कोणताही बदल 8-10 दिवसांत, हळूहळू करा.

5. हिशेब लिटरमागे ठेवा. चांगलं खाणारी शेळी दिवसाला थोडा जास्तही मिथेन सोडेल, पण दूध वाढल्याने लिटरमागे तो घटतो. शेळी दूध देवो न देवो, जगण्यापुरता चारा तिला लागतोच. म्हणून अर्धा-अर्धा लिटर देणाऱ्या तिघींपेक्षा दीड लिटरची एक परवडते. (डेंगीच्या हंगामात ठाण्यात शेळीच्या दुधाला गिऱ्हाईक फार. त्याने डेंगी बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगा.)

नवा आहार सुरू केल्यावर रोज लेंड्या बघा. सुट्या, घट्ट गोळ्या पडत असतील तर चालू ठेवा. एकमेकींना चिकटून लगदा पडू लागला तर खुराक निम्म्यावर आणा, सुका चारा वाढवा आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर पशुवैद्यकाला दाखवा.