पत्रिकेचं सॉफ्टवेअर तपासून घ्या: तारीख, वेळ आणि महिन्याच्या चुका

पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक चुका ग्रहगणितात नसतात. त्या तारीख, वेळ आणि सेटिंगमध्ये असतात, त्यामुळे अर्ध्या तासात पकडता येतात.

सुरुवात शिवजन्माच्या तारखेने करा. १९ फेब्रुवारी १६३०, ठिकाण जुन्नर, वेळ संध्याकाळची, स्थानिक वेळ निवडून. उत्तर यायला हवं ते असं: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. या एकाच तारखेत तीन चुका उघड्या पडतात.

मंगळवार आणि शुद्ध अष्टमीच्या आसपासची तिथी आली, तर प्रोग्रामने ही तारीख आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची धरली. बरेच प्रोग्राम १५८२ सालीच जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडतात; इंग्रजांनी मात्र ते १७५२ पर्यंत वापरलं, आणि १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन आहे. ज्युलियनचा पर्याय नसेल तर १ मार्च १६३० टाका. हल्लीच्या जन्माला ही भानगड नाही.

'चैत्र कृष्ण तृतीया' आली, तर सॉफ्टवेअर उत्तरेकडच्या पूर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणाऱ्या) पद्धतीवर आहे. सेटिंग 'अमान्त' (महिना अमावास्येला संपणारी आपली पद्धत) करा. ही चूक आजच्या पत्रिकांनाही लागते, कारण वद्य पक्षातल्या प्रत्येक जन्माचा महिना एकाने पुढे जातो. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेची तारीख जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका: शुद्ध पक्षात दोन्ही पद्धतींचा महिना एकच असतो, त्यामुळे पौर्णिमेवर ही चूक कधीच दिसत नाही. तपासायची तर महाशिवरात्रीवर तपासा. आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, तिकडे फाल्गुन.

शके १५५२ आले, तर प्रोग्राम सरसकट ७८ वजा करतोय. गुढीपाडव्याआधीच्या तारखेला ७९ वजा व्हायला हवेत.

आता वेळ. कोल्हापूर १६°४२′ उत्तर, ७४°१४′ पूर्व. प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२°३०′. फरक ८°१६′, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या ३३ मिनिटं मागे. सॉफ्टवेअर हा फरक स्वतःच काढतं. जुन्या पत्रिकेतली वेळ आधीच स्थानिक असेल आणि ती तुम्ही 'प्रमाणवेळ' म्हणून टाकलीत, तर ३३ मिनिटं दोनदा वजा होतात आणि लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) साधारण ८ अंश मागे जातं. राशीच्या सुरुवातीचं लग्न असेल तर राशीच बदलली. म्हणून वेळेपुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. ठिकाण निवडताना यादीत 'मुंबई' तसंच राहिलं, तर आणखी साडेपाच मिनिटांचा घोळ. रेखांशापुढे पूर्व आहे ना, तेही बघा.

आजोबा-आजींच्या पत्रिका काढताना एक खास सापळा आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती. सॉफ्टवेअरला हे माहीत आहे का, ते असं पाहा: १ जानेवारी १९४४ आणि १ जानेवारी १९४६, दोन्हींना सकाळी १० वाजता, ठिकाण कोल्हापूर. लग्नात अंदाजे १५ अंशांचा फरक पडला तर ठीक. जवळजवळ सारखंच लग्न आलं तर त्या काळातल्या जन्माला हाताने ६:३० चा टाइम झोन द्या. मात्र नोंद करणाऱ्याने तो जादा तास आधीच वजा केला नव्हता ना, हे घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनच्या जन्माला इंग्रजी वार छापणारी सॉफ्टवेअर्स पुष्कळ आहेत. तिथे आदला वार हवा. सूर्योदयाच्या अगदी तोंडावरचा जन्म असेल, तर सूर्यबिंबाची वरची कड धरली की मध्य, हे सेटिंग पाहा. वक्रीभवनासकट हा फरक कोल्हापुरात साडेतीन मिनिटांचा आहे.

अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांच्या आरंभातलं अंतर) शेवटी, पण दशा, म्हणजे चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून मोजलेले ग्रहांचे कालखंड, त्यावरच ठरते. १ जानेवारी २००० ला लाहिरी पद्धतीचा अयनांश २३°५१′ च्या जवळ आणि रामन पद्धतीचा २२°२४′ च्या जवळ. फरक ८७ कला (६० कला म्हणजे एक अंश). नक्षत्र ८०० कलांचं. शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेत हा फरक जवळपास दोन वर्षं दोन महिने होतो. त्याच पानावर दशेचं वर्ष ३६० दिवसांचं आहे की ३६५.२५, तेही बघा: पन्नाशीपर्यंत त्यात २६२ दिवसांचं अंतर पडतं. ही दोन्ही सेटिंग्ज पत्रिकेच्या तळाशी छापून द्या, म्हणजे पुढचा ज्योतिषी तुमच्याशी भांडत बसणार नाही.