‘हरॅस’ हा शब्द लिहिताना, बोलताना आणि तक्रारीत वापरताना या चुका टाळा

‘आय ॲम हरॅसिंग बाय माय सुपरवायझर.’

लोक माझ्याकडे इंग्रजी अर्ज तपासायला घेऊन येतात, तेव्हा या धाटणीचं वाक्य मला वारंवार दिसतं. लिहिणारीला सांगायचं असतं की साहेब मला छळतो. कागदावर मात्र छळणारी तीच ठरते, कारण ‘आय ॲम हरॅसिंग’ म्हणजे ‘मी छळते आहे’. पुढचा ‘बाय’ वाचून समजूतदार माणूस अर्थ लावून घेईल, पण प्रत्येक अर्ज समजूतदार माणसाच्याच टेबलावर जातो असं नाही. बरोबर वाक्य आहे ‘आय ॲम बीइंग हरॅस्ड बाय माय सुपरवायझर’. त्याहून सरळ म्हणजे ‘माय सुपरवायझर इज हरॅसिंग मी’. मला हे दुसरं जास्त पसंत आहे, कारण त्यात करणाऱ्याचं नाव आधी येतं.

ही चूक अडाणीपणाची नाही, ती मराठीतून येते. आपण ‘मी त्रासलेय’, ‘मी वैतागलेय’ म्हणतो. सोसणारी व्यक्तीच कर्ता असते आणि ते वाक्य मराठीत अगदी बरोबर असतं. इंग्रजी ‘हरॅस’मध्ये ही सोय नाही. तिथे कर्ता नेहमी त्रास देणारा असतो आणि सोसणारा हे कर्म. हे एकदा डोक्यात बसलं की ‘ही इज हरॅसिंग विथ मी’, ‘ही हरॅसेस टू मी’ यांतले ‘विथ’ आणि ‘टू’ आपोआप गळतात. ‘ही इज डुइंग हरॅसमेंट’ हेही मराठी ‘छळ करतो’ची नक्कल आहे, तेही नको. ‘हरॅसमेंट’चं सहसा अनेकवचन होत नाही. तीन प्रसंग घडले असतील तर ‘थ्री इन्सिडेंट्स ऑफ हरॅसमेंट’ लिहा.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. एच, ए, आर, ए, एस, एस. आर एकच, एस दोन. बहुतेक जण ‘एम्बॅरस’च्या नादाने दोन आर घालतात, कारण त्या शब्दात दोन्ही अक्षरं दुहेरी आहेत. उच्चाराचं भांडण मात्र सोडून द्या. जुना ब्रिटिश उच्चार ‘हॅरस’, जोर पहिल्या ‘हॅ’वर. अमेरिकेत ‘हरॅस’ रुळला आणि आता इंग्लंडमध्येही सर्रास ऐकू येतो. दोन्ही बरोबर. कुणी आपली व्यथा सांगत असताना तिचा उच्चार दुरुस्त करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता अर्थाकडे येऊ, कारण बाकीच्या चुका तिथूनच फुटतात.

‘हरॅस’ आणि ‘हैराण’ हे सख्खे भाऊ आहेत असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटले आहेत. कानाला तसं वाटतंही. हरॅस केलं की माणूस हैराण होतो, मग नातं असणारच! नातं नाही. ‘हैराण’ मुळात अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ गोंधळलेला, चकित झालेला, आणि हिंदीत तो अजून टिकून आहे. संस्कृत ‘ह्रास’, आपला ‘ऱ्हास’, याचाही काही संबंध नाही. इंग्रजीत सशाला ‘हेअर’ म्हणतात म्हणून ‘सशासारखं पळवणं’ अशी फोड कुणी केली तर तीही चुकीची. तो ससा जुन्या इंग्रजीतला आहे, ‘हरॅस’ फ्रेंचमधून आला.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीने फ्रेंच ‘हरासे’ उचलला. त्याचा अर्थ होता दमवणं, थकवून टाकणं, जेरीस आणणं. त्याच्याही मागे कोशकार जुन्या फ्रेंचमधल्या ‘हारे’ या क्रियापदाकडे बोट दाखवतात. त्याचा अर्थ कुत्रा अंगावर सोडणं. कुत्र्याला चिथावण्यासाठी ‘हार!’ अशी आरोळी ठोकत, तिच्यावरून ते क्रियापद बनलं. आपल्याकडे त्या आरोळीला शब्द आहे: छू! दगड मारणारा एकदा मारून थांबेल, पण छू म्हणून सोडलेलं कुत्रं तुम्ही थांबलात की भुंकतं, पळालात की मागे लागतं. हा शेवटचा दुवा सर्वमान्य आहे असं मात्र लिहू नका. फ्रेंचपर्यंतचा रस्ता पक्का, पुढचा संभाव्य, असंच सांगावं.

म्हणजे ‘हरॅस’च्या पोटात मुळात मारहाण नाही, शिवीगाळही नाही. विसावा न मिळू देणं हा त्याचा गाभा आहे. भाषांतर करणाऱ्यांच्या हातून हाच निसटतो.

उदाहरणार्थ, ‘अ हरॅस्ड मदर’. याचं भाषांतर ‘छळ झालेली आई’ असं केलेलं मी पाहिलं आहे. मूळ परिच्छेदात एका बाईच्या कडेवर एक मूल होतं, दुसरं पदर ओढत होतं आणि गॅसवर दूध उतू जात होतं. तिला कुणी छळलेलं नव्हतं. ती मेटाकुटीला आली होती. जुना ‘थकवणं’ हा अर्थ या विशेषणात अजून जिवंत आहे. ‘हरॅस्ड लुक’ म्हणजे त्रासिक, ओढलेला चेहरा.

दुसरं उदाहरण इतिहासाचं. मराठ्यांच्या स्वाऱ्यांबद्दलच्या इंग्रजी लिखाणात हे क्रियापद वारंवार येतं: मराठा घोडदळ मोगल फौजेला ‘हरॅस’ करत राहिलं. त्याचं ‘मराठ्यांनी मोगलांचा छळ केला’ असं मराठी झालं तर अर्थाची पार वाट लागते. रसद तोडायची, पिछाडीवर छापा घालायचा, मोठी फौज वळेपर्यंत नाहीसं व्हायचं, रात्री पुन्हा यायचं. हे जेरीस आणणं आहे, सळो की पळो करणं आहे. मोगलांचं घोडं पाण्याला तोंड लावेना, तर त्याला पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का असं विचारत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ‘हरॅस’चा जुना लष्करी अर्थ मराठी मुलाला समजवायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही. औरंगजेबाची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत अशीच गेली आणि १७०७ साली नगरजवळ त्याचा शेवट झाला.

मग ‘छळ’ हा प्रतिशब्द चूक का? नाही. जिथे एक माणूस दुसऱ्याला मुद्दाम पीडा देतो तिथे ‘छळ’च हवा, आणि कायद्याच्या मराठीतही तोच रूढ आहे. पण हिंदीतून मजकूर घेताना सांभाळा. हिंदी ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. संस्कृतात तोच अर्थ आहे. मराठीत आल्यावर शब्दाने वळण घेतलं. हिंदीत हरॅसमेंटला ‘उत्पीड़न’ म्हणतात. ‘त्रास’चंही असंच झालं आहे. संस्कृतात त्रास म्हणजे भीती, मराठीत उपद्रव. इथे जरा रेंगाळतो, कारण न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला, ‘छल’ मला फार बोलका वाटतो. वादात समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढून त्याला खोटं पाडणं म्हणजे छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असं एक जण म्हणतो, तर दुसरा विचारतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? तक्रार केलेल्या बाईला चौकशीत ‘तू हसलीस म्हणजे तुला आवडलं असेल’ असं ऐकवलं जातं तेव्हा तिच्या वाट्याला शब्दाचे दोन्ही अर्थ येतात, मराठी आणि संस्कृतही.

आणखी एक गैरसमज: हरॅसमेंट म्हणजे लैंगिकच. ‘सेक्शुअल हरॅसमेंट’ हा जोडशब्द अमेरिकेत १९७५ साली इथाका गावात, कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी प्रचारात आणला. लिन फार्ली त्यांत होत्या. त्याआधी जे घडत होतं त्याला रूढ नाव नव्हतं, म्हणून तक्रार करणंही अवघड होतं. हा शब्द इतका गरजेचा होता की पुढे त्याने मूळ क्रियापदच व्यापलं. पण वसुलीचा एजंट सकाळ-संध्याकाळ फोन करून नातेवाइकांसमोर लाज काढतो, तेही हरॅसमेंटच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं की थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये. विसावा न देणं हा मूळ अर्थ इथे स्वच्छ दिसतो. अशा तक्रारीत पुरुषांनी हा शब्द वापरायला संकोचू नये.

‘मोलेस्ट’ला ‘हरॅस’चा समानार्थी मानू नका. लॅटिनमध्ये आणि आजच्या स्पॅनिशमध्ये त्याच्या भावंडांचा अर्थ फक्त व्यत्यय आणणं. स्पेनमधल्या हॉटेलच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी असते, म्हणजे ‘झोपमोड करू नका’. पण आजच्या इंग्रजीत ‘मोलेस्ट’ म्हणजे लैंगिक हेतूने अंगाला हात लावणं. मराठी बातम्यांत त्यासाठी ‘विनयभंग’ लिहितात. कायद्यात हे वेगवेगळे गुन्हे आहेत: भारतीय न्याय संहितेत कलम ७४ विनयभंगाचं, ७५ लैंगिक छळाचं आणि ७८ पाठलागाचं. जुन्या दंड संहितेत यांचे क्रमांक ३५४, ३५४अ आणि ३५४ड होते. १ जुलै २०२४ पासून नवे क्रमांक लागू आहेत, जुना नमुना उतरवून काढताना हे तपासा. ‘ईव्ह टीझिंग’ तर मी अर्जातून खोडूनच टाकतो. ‘टीझ’ म्हणजे थट्टा, आणि जे घडलं ती थट्टा नव्हती.

सगळ्यात महागात पडणारी चूक शब्दकोशावर विसंबल्याने होते. कोश सांगतो, हरॅस म्हणजे वारंवार त्रास देणं. मग एकदाच घडलं असेल तर ‘ही हरॅसमेंट धरतात का?’ असं विचारून बायका गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर १६ वर्षांनी, २०१३ साली आलेल्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची व्याख्या वाचा. नको असलेल्या वर्तनाच्या यादीतलं ‘एक किंवा अधिक’ कृत्य, असे तिचे शब्द आहेत. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं: यांतलं एकही पुरेसं आहे, एकदाही. उलट इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी लक्षात ठेवावं की तिथल्या १९९७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम हरॅसमेंट ॲक्टमध्ये एका व्यक्तीला दिलेल्या त्रासाचे किमान दोन प्रसंग लागतात. शब्द एकच, पण देश आणि कायदा बदलला की त्याची मोजदाद बदलते.

तक्रार अडते ती बहुतेक वेळा यामुळे की त्यात ‘ही हरॅस्ड मी’ एवढंच असतं. ‘हरॅस’ हा निष्कर्ष आहे, आणि वाचणाऱ्याला आधी घटना हवी असते. ‘गेल्या सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास, सगळे गेल्यावर, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खांद्यावर हात ठेवला. मी हात झटकला. मंगळवारी रात्री साडेअकराला हा मेसेज आला.’ असं लिहा, मेसेजचा फोटो जोडा, आणि मग खाली म्हणा की हा लैंगिक छळ आहे. वाक्य पटत नसेल तर ‘हरॅस’ काढून तिथे ‘त्याने नेमकं काय केलं’ याचं क्रियापद घाला. ते सापडलं की अर्ज उभा राहतो.

२०१३ च्या त्या कायद्याखालची तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. कारण लेखी नोंदवून तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. इंग्रजी जमत नाही म्हणून थांबू नका. तक्रार लेखी हवी, एवढंच कायदा म्हणतो. आणि जिला लिहिताच येत नाही तिला लिहायला मदत करण्याची जबाबदारी त्याच कायद्याने समितीवर टाकली आहे.